बॅकअप शे, पन उघडस नही

बॅकअप घेतलाच नाही, असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. भेटतात ते सगळे 'घेतलाय, पण' या पोटजातीतले. घेतलाय, पण ती डिस्क सुरतेला आहे. घेतलाय, पण ज्या पोराने घेतला तो नोकरी सोडून गेला. घेतलाय, पण त्यातला आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता ते बघावं लागेल. खानदेशात हीच कैफियत एका दमात मांडतात : "शे ना भो, पन उघडस नही."

यातली तिसरी सबब मला सगळ्यात आवडते, कारण ती प्रामाणिक आहे. हल्ली बॅकअप नसल्यामुळे फारसं कुणी बुडत नाही. लोक बुडतात ते चाळीस बॅकअप असल्यामुळे.

नवापूर तालुक्यातलं विसरवाडी हे या अभ्यासाला सोयीचं गाव. नंदुरबारहून येणारा रस्ता इथे सुरत-धुळे महामार्गाला येऊन मिळतो. या महामार्गाचा सरकारी नंबर ६ चा ५३ झाला त्याला बरीच वर्षं लोटली, पण जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी अजून सहाच आहे. म्हणजे नवी नोंद झाली, जुन्या नावाला सातबाऱ्यावरचा कंस काही बसला नाही. एका अंगाला कोंडाईबारीचा घाट, दुसऱ्या अंगाला नवापूर आणि लगेच गुजरात. मावची, अहिराणी, गुजराती आणि मराठी अशा चार भाषांत इथे उधारी मागता येते आणि चारही भाषांत ती पुढच्या हंगामावर ढकलता येते. ती लिहून ठेवायला आता खत-बियाण्याच्या दुकानांत गल्ल्याशेजारी कॉम्प्युटर आले आहेत. सकाळी त्यांना उदबत्ती ओवाळतात. माझ्या मते विंडोजच्या काही आवृत्त्या केवळ या उदबत्तीवर चालल्या.

अशाच एका दुकानाच्या आबांची ही हकिगत आहे. नाव सांगत नाही. हायवेवर आबा पुष्कळ आहेत; टोपी ज्याच्या डोक्याला बसेल त्याने ती घालून घ्यावी.

आबांची उधारी भात, तूर आणि कापूस या तीन पिकांच्या भरवशावर चालते. बियाणं जूनमध्ये जातं, पैसे माल विकल्यावर येतात, किंवा येत नाहीत. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक्सेलमध्ये वेगळी फाईल. तो हिशेब गेला तर आबांच्या हाती उरेल ती नुसती स्मरणशक्ती, आणि उधारीच्या बाबतीत दुकानदाराच्या स्मरणशक्तीपेक्षा गिऱ्हाइकाची विस्मरणशक्ती नेहमीच वरचढ ठरत आलेली आहे.

म्हणून एका दिवाळीत सुरतेला कॉम्प्युटरचं काम करणारा भाचा आला, त्याने बाहेरची हार्डडिस्क लावली, एक सॉफ्टवेअर टाकलं आणि योजना सांगितली.

"मामा, रविवारी फुल मारायचा, सगळंच्या सगळं. सोमवार ते शनिवार रोज इन्क्रिमेंटल."

"म्हणजे?"

"आदल्या बॅकअपनंतर जेवढं बदललं तेवढंच उचलायचं. बाकीचं आधीच आहे ना आपल्याकडे."

"आणि रोज फुलच मारला तर?"

"जागा जाते मामा. वेळपण जातो."

आबांना काळजी जागेची. वेळ त्यांच्याकडे पेरण्या आटोपल्यावर भरपूर असतो. भाचा तिसराही एक प्रकार सांगणार होता, पण तेवढ्यात फराळ आला.

तो तिसरा प्रकार म्हणजे डिफरन्शियल. यात आदल्या दिवसापासूनचं नव्हे, तर शेवटच्या फुलपासून बदललेलं सगळं रोज उचलायचं. समजा फुल आहे १० जीबीचा आणि रोज नव्याने २०० एमबी बदलतं. इन्क्रिमेंटल रोज २०० एमबीच घेईल. सहा दिवसांचे मिळून १.२ जीबी. डिफरन्शियल सोमवारी २००, मंगळवारी ४००, बुधवारी ६०० असा फुगत शनिवारी १,२०० एमबीवर जाईल आणि सहा दिवसांची बेरीज ४.२ जीबी होईल. कुठलाही दुकानदार पहिल्या प्रकारावर बोट ठेवील. पण रविवारी सकाळी नवा फुल घ्यायच्या आतच मशीन उडालं तर? डिफरन्शियलवाला दोन तुकडे शोधतो : मागचा फुल आणि शनिवारचा. इन्क्रिमेंटलवाल्याला सात लागतात, सातही शाबूत लागतात आणि लावायचे ते क्रमानेच. मधला बुधवार फुटला तर गुरुवार, शुक्रवार, शनिवार हातात असून नसल्यासारखे. लावून पाहिलेच, तर जे उभं राहतं त्याला हिशेब म्हणायला बराच मोठेपणा लागतो.

थोडक्यात, जागा वाचवायची तर सात जणांवर एकाच वेळी भरवसा ठेवावा लागतो. आबांनी आयुष्यात एका वेळी सात जणांवर भरवसा ठेवलेला नाही, भागीदारीत तर नाहीच. पण हे त्यांना कुणी सांगितलं नाही. फराळ आला होता.

योजना सुरू झाली. रोज संध्याकाळी शटर ओढण्याआधी आबा इन्क्रिमेंटल मारत. रविवारचा फुल मात्र राहू लागला, कारण रविवारी दुकान बंद आणि आबा कुणाच्या तरी लग्नात. म्हणजे दिवाळीचा तो एक फुल आणि त्याच्यामागे मालगाडीसारखे इन्क्रिमेंटल. होळीपर्यंत त्यांची संख्या शंभराच्या घरात गेली आणि डिस्क भरल्याची लाल पट्टी दिसू लागली.

आबांनी फोल्डर उघडलं. शंभर बारक्या बारक्या फायली, आणि त्यांच्यात एकच धिप्पाड फाईल. तीही सगळ्यात जुनी. आबांचा विचार सरळ होता. ही जुनी आहे, हीच सगळी जागा खाते, आणि हिच्यानंतर शंभर नव्या आलेल्या आहेत. त्यांनी ती उडवली. मग रिसायकल बिनही रिकामी केली, कारण अर्धवट काम त्यांना आवडत नाही.

आबांना हसणं सोपं आहे. पण नवीन आलं की जुनं काढायचं, हा नियम कॅलेंडरला चालतो, टायरला चालतो, आमदाराला चालतो. साखळीला का चालू नये, हे फोल्डरकडे पाहून कळायला काहीच मार्ग नसतो. फाईल कधी असं सांगत नाही की, मी गेलो तर हे शंभर जण पोरके होतील. आणि शिकलेली माणसंही हेच करतात, फक्त हाताने नव्हे तर नियम लिहून : 'तीस दिवसांपेक्षा जुनं आपोआप काढून टाक.' चांगली सॉफ्टवेअरं मागचे इन्क्रिमेंटल जिवंत आहेत तोवर फुलला हात लावत नाहीत. पोराने घाईत लिहिलेली चार ओळींची स्क्रिप्ट मात्र एकतिसाव्या दिवशी न चुकता मूळ पुरुषाचा गळा दाबते, आणि 'काम यशस्वी' असा निरोपही पाठवते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, तिच्यासोबत भाचा आला. खानदेशात आखाजी म्हणजे दिवाळीहून कणभर मोठीच. झोके, गाणी, पुरणाच्या पोळ्या, आंबरस. या सगळ्यातून वेळ काढून भाच्याने डिस्क पाहिली आणि तो मामांना जेवढं बोलता येतं तेवढं बोलला, म्हणजे काहीच बोलला नाही. त्याने नवा फुल मारून दिला. "आता याला हात लावायचा नाही मामा." दोन दिवस सणात गेले, बॅकअप झाले नाहीत. निघताना भाच्याला वाटलं, एक प्रत आपल्याकडेही असू द्यावी. त्याने त्याच सॉफ्टवेअरने आणखी एक फुल स्वतःच्या डिस्कवर मारला आणि तो सुरतेला गेला. निव्वळ प्रेमापोटी.

इथे थोडं आत शिरायला हवं. विंडोजमध्ये प्रत्येक फाईलला एक बारीक खूण असते, आर्काइव्ह बिट. डॉसच्या जमान्यापासूनची आहे. फाईल बदलली की ती खूण लागते : 'मला उचला.' फुल किंवा इन्क्रिमेंटल घेतला की सॉफ्टवेअर ती पुसतं. डिफरन्शियल ती मुद्दाम राहू देतो, म्हणून तीच फाईल तो दुसऱ्या दिवशीही उचलतो. दोघांतला सगळा फरक एवढ्या एका खुणेचा. आता सणाचे जे दोन दिवस, त्यांत बदललेल्या फायलींच्या खुणा भाच्याच्या प्रेमळ फुलने पुसून टाकल्या. तिसऱ्या दिवशी आबांनी इन्क्रिमेंटल मारला, त्याला त्या फायलींवर खूण दिसली नाही, तो पुढे गेला. ते दोन दिवस आबांच्या डिस्कवर कुठेच नव्हते. ते सुरतेला होते. नवापूरच्या रेल्वे स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते आणि तिथल्या एका बाकाचं अर्धं अंग महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. लोक त्यावर बसून फोटो काढतात. आबांची साखळीही आता तशीच बसली होती, फोटो काढायला मात्र कुणी आलं नाही.

(हल्लीची बरीच सॉफ्टवेअरं या खुणेवर विसंबत नाहीत, स्वतःची यादी ठेवतात. ती यादी पुष्कळ ठिकाणी त्याच डिस्कवर असते जिच्या भीतीने बॅकअप घ्यायचा असतो. असो.)

आखाजीनंतर बॅकअपला नावं द्यायचं काम आबांच्या थोरल्या मुलाने घेतलं. त्याला तारखा आवडत नाहीत. त्याने दिलेली नावं अशी : 'पेरणीआधी', 'पहिला पाऊस', 'लाईट गेली तेव्हा', 'लाईट गेली तेव्हा परत', 'आईच्या डोळ्याचं ऑपरेशन', 'पोळ्यानंतर'. वाचायला गोड वाटतं, कादंबरीची प्रकरणं शोभतील. पण कॉम्प्युटर ती अकारविल्ह्याने लावतो, आणि त्यात 'आईचं ऑपरेशन' पहिल्या पावसाच्या आधी येतं, तर दोन्ही 'लाईट गेली' सगळ्यांच्या शेवटी. तारखेप्रमाणे लावावं, तर तीही अडचण. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपला होता. लाईट गेली की मशीनची तारीख मागे जाऊन २०११ च्या जानेवारीत बसायची. मुलाच्या लक्षात आलं तर तो ती नीट करायचा, नाही आलं तर त्या दिवसाचा ताजा बॅकअप स्वतःला सगळ्यात जुना म्हणवायचा. असा बॅकअप त्या तीस दिवसांच्या नियमाच्या तावडीत सापडला तर जन्मल्या रात्रीच जातो.

पोळ्यानंतर काही दिवसांनी मशीन उडालं. गावच्या दुरुस्तीवाल्याने निदान केलं, "हार्डडिस्क गेली. नवी टाकून विंडोज मारून देतो. डेटाचं बघा तुमचं." आणि मग आबांनी ती प्रसिद्ध ओळ उच्चारली : "बॅकअप शे ना!"

फोनवर भाचा, डिस्कपुढे थोरला मुलगा. भाच्याचा एकच प्रश्न : कशानंतर काय? आणि या प्रश्नावर सॉफ्टवेअर, एक्सेल, आबा सगळे गप्प असताना स्वयंपाकघरातून मामी बोलत्या झाल्या. पहिला पाऊस आधी, कारण पापडांवर प्लास्टिक टाकायला त्याच धावल्या होत्या. लाईट पहिल्यांदा गेली ती त्याच्या तिसऱ्या दिवशी. ऑपरेशन त्यानंतर, कारण पट्टी काढली तेव्हा लाईट होती. दुसऱ्यांदा लाईट गेली ती पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, बैलांचे साज चिमणीच्या उजेडात काढले. साखळी लागली. बॅकअपच्या धंद्यात याला कॅटलॉग म्हणतात आणि तो मूळ मशीनपासून वेगळा ठेवावा असा दंडक आहे. आबांच्या घरी तो नकळत पाळला गेला होता.

हिशेब उभा राहिला. फक्त आखाजीचे दोन दिवस नव्हते. आणि ते दोन दिवस साधे नव्हते. सणाच्या तोंडावर जुनी उधारी स्वतःहून येऊन चुकती करणारी काही सज्जन माणसं प्रत्येक गावात असतात. त्यांनी त्याच दोन दिवसांत पैसे दिले होते आणि नंतर सगळा माल रोखीने नेला होता, त्यामुळे त्यांच्या फायली पुन्हा बदललेल्याच नव्हत्या. परिणाम असा, की आबांच्या नव्या मशीनवर पंचक्रोशीतली सगळ्यात प्रामाणिक माणसं तेवढी थकबाकीदार झाली. सुरतेच्या डिस्कवर ते दोन दिवस होते खरे. पण भाच्याने मधल्या काळात ती डिस्क मोकळी करून तिच्यावर मित्राच्या लग्नाचा व्हिडिओ ठेवला होता. व्हिडिओ मात्र पूर्ण होता. फुल.

दुकानात एक निवृत्त तलाठी बसायला येतात. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी ही कथा शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, "आबा, होळीला तुम्ही काय उडवलं म्हणालात? पहिली फाईल? म्हणजे कडई पत्रकच, जमिनीच्या हक्काची मूळ नोंदच, जाळलं की हो तुम्ही."

मला तेव्हा जाणवलं, की या खोलीत साखळी सांभाळण्याचा खरा अनुभव असलेला माणूस एकच आहे आणि त्याने कॉम्प्युटरचं बटण उतारवयात पाहिलं. मुंबई इलाख्यात जमिनीच्या हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला. तेव्हापासून महसूल खातं जे करत आलं आहे ते दुसरं काय आहे? गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली, सोसायटीचा बोजा चढला, उतरला, की एक नोंद आणि तिला पुढचा क्रमांक. जेवढं बदललं तेवढंच लिहायचं. हा चोख इन्क्रिमेंटल. सातबारा म्हणजे या सगळ्याचा आजचा जमाखर्च. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्याचं साधारण दर दहा वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं. कंस केलेली नावं मागे ठेवून चालू नावं नव्या पानावर उतरवायची. मूळ जागेवर पुन्हा न जाता जुन्या नोंदींतूनच नवा फुल तयार करण्याच्या या युक्तीला बॅकअपवाले सिंथेटिक फुल म्हणतात आणि तिची मोठी जाहिरात करतात. तलाठी ते टाकाने करत असत आणि वर जनगणनेलाही जात.

या पद्धतीत घोळ झाले नाहीत असं कोण म्हणेल? पुनर्लेखनात एखादा भाऊ उतरवायचा राहिला की तो पुढच्या पानावर नसतोच. मग त्याचा नातू पिशवीत जुने फेरफार घेऊन तहसीलच्या व्हरांड्यात दिसू लागतो आणि जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५५, लेखनप्रमादाची दुरुस्ती, त्याला तोंडपाठ होतं. पण तो नातू मागे मागे जाऊ शकतो, हे महत्त्वाचं. कारण क्रमांक सलग आहेत. कारण सातबाऱ्यावर प्रत्येक नावापुढे ते नाव कोणत्या फेरफाराने लागलं याचा आकडा असतो. म्हणजे प्रत्येक कडी आपला बाप कोण ते कपाळावर लिहून हिंडते. कारण तलाठ्याने नोंद लिहिली म्हणून ती पक्की होत नाही. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी प्रमाणित करतो तेव्हा ती लागते. आणि नाव खोडायचं नसतं, त्याला कंस करायचा असतो. संगणकाच्या साखळीत नेमकं हेच हुकतं : काढून टाकलेल्या फाईलची नोंद न ठेवणारं सॉफ्टवेअर परत भरताना मेलेल्या फायली जिवंत करतं, जशी चाळीस वर्षांपूर्वी वारलेली आत्या कंस न झाल्यामुळे अजून सातबाऱ्यावर नांदत असते.

नंदुरबारकडच्या लोकांना तर दुसराही एक अनुभव आहे. बॅकअपच्या पुस्तकांत 'आजोबा-बाप-मुलगा' नावाची जुनी पद्धत सांगतात. रोजचा बॅकअप हा मुलगा, आठवड्याचा बाप, महिन्याचा आजोबा. मुलं लवकर पुसायची, आजोबा जपून ठेवायचे. ज्यांनी जमातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी काढली आहे त्यांना हे काय समजवायचं? वडिलांची व्हॅलिडिटी असेल तर वडिलांचं प्रमाणपत्र आणि नात्याचा पुरावा, काम बरंच हलकं : डिफरन्शियल. नसेल तर आपला शाळेचा दाखला, वडिलांचा, आजोबांचा, आणि आजोबा शाळेतच गेले नसतील तर कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, असं एकेक कडी जोडत ६ सप्टेंबर १९५० च्या मागे जायचं. मधला एक दाखला उंदराने खाल्लेला निघाला की पुढचे सगळे दाखले हातात घेऊन माणूस बसून राहतो. इथल्या बारावी झालेल्या पोरीला इन्क्रिमेंटलची व्याख्या विचारू नका, ती तुम्हाला तहसीलचं वेळापत्रक सांगेल.

पण महसूल खात्याचा खरा पराक्रम २०१७ चा. राज्यातले सुमारे अडीच कोटी सातबारे संगणकात गेले होते आणि हस्तलिखिताशी जुळत नाहीत अशा तक्रारी होत्या. तेव्हा गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला सातबारा गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याची जमीन त्यालाच विचारायचं, बरोबर आहे का? मग चुका काढायच्या आणि त्या संगणकात दुरुस्त करायच्या. पुढच्या वर्षी, १ मे २०१८ पासून, डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले. चावडी वाचनात भांडणं झाली, कुणाचं क्षेत्र कमी भरलं, कुणाचा मुलगा मुलगी होऊन बसला होता. पण बॅकअप उघडून माणसांसमोर वाचला, हे मात्र झालं.

त्याच २०१७ सालच्या ३१ जानेवारीला गिटलॅब नावाच्या कंपनीत, जिच्याकडे जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात, रात्री एका इंजिनिअरने भलत्याच सर्व्हरवरचा डेटा उडवला. बॅकअपचे पाच प्रकार लावलेले होते. पाचांतला एकही धड चालत नव्हता. योगायोगाने सहा तासांपूर्वी कुणी तरी दुसऱ्याच कामासाठी काढलेली प्रत सापडली, ती लावली आणि मधले सहा तास गेले. त्याआधी १९९८ मध्ये पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' हा सिनेमा असाच पुसला गेला होता. बॅकअप कित्येक दिवस नीट होतच नव्हता आणि कुणी उघडून पाहिलं नव्हतं. वाचवलं ते गॅलिन सुसमन या बाईंनी. बाळंतपणामुळे त्या घरून काम करत होत्या, त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटांत गुंडाळून गाडीतून आणला. मामी आणि सुसमनबाई यांची भेट व्हायला हवी होती. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात सरकारी डेटा सेंटरला आग लागली, सरकारी नोकरांच्या कामाचा ८५८ टेराबाइट डेटा गेला. त्याचा वेगळा बॅकअपच नव्हता, कारण सांगितलं गेलं ते असं की तो फार मोठा होता. आबांनी निदान धिप्पाड म्हणून उडवला; त्यांनी धिप्पाड म्हणून घेतलाच नाही.

तर अण्णांनी आबांना सल्ला दिला : चावडी वाचन घ्या.

बाजाराच्या दिवशी आबा दुकानासमोर खुर्ची टाकून बसले. येईल त्या गिऱ्हाइकाला त्याचं खातं वाचून दाखवायचं, हरकत विचारायची, अण्णा बाजूला वहीत लिहायला. आखाजीला पैसे दिलेले सज्जन आले, त्यांतल्या बहुतेकांनी पावत्या आणल्या होत्या. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांना आबांनी तोंडी मान्य केलं, कारण ती माणसं कोण ते गावाला माहीत होतं. इतरही आले. काहींची उधारी जास्त लागली होती असं त्यांचं म्हणणं पडलं. दिवसभरात 'माझी उधारी कमी लागली आहे' अशी हरकत एकाही इसमाने नोंदवली नाही. अण्णा म्हणाले, चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनाही अशी हरकत आलेली नाही.

आता आबांच्या दुकानात डिफरन्शियल चालतो, आणि माझ्या मते छोट्या दुकानाने तोच ठेवावा. जागा जास्त जाते, जाऊ द्यावी. हार्डडिस्क सातबाऱ्याच्या वादापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. फुल रविवारी नाही, बाजाराच्या आदल्या रात्री, कारण त्या रात्री आबा हमखास दुकानात असतात. फुल दोन डिस्कवर, एक दुकानात, एक घरी मामींच्या कपाटात. भाच्याला प्रत हवी असेल तर ती साध्या कॉपी-पेस्टने, कारण त्याने खुणा पुसल्या जात नाहीत. मदरबोर्डचा सेल बदलला; नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे ती आपोआप क्रमाने लागतात. आणि गल्ल्यात एक चोपडी आहे, कागदाची. अण्णांनी रकाने आखून दिलेत : अनुक्रमांक, तारीख, प्रकार, कोणत्या फुलवर, कुठे ठेवला, कुणी उघडून पाहिला. अनुक्रमांक सलग, पान फाडायचं नाही, चुकलं तर खोडायचं नाही, कंस करायचा.

तुमच्याकडे डिस्क भरत आली असेल, तर सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात मोठ्या फाईलला तूर्त हात लावू नका. आधी नवा फुल घ्या, तो दुसऱ्या मशीनवर उघडून त्यातल्या दोनचार फायली वाचून बघा, मग त्या जुन्या फुलवर चढलेले सगळे तुकडे त्याच्यासकट एकदम काढा.